ओळखीचे काहीच नाही, अशा ठिकाणी जावेसे का वाटते?

धंतोलीकर :
यंदा दसऱ्याला नागपूर सोडून बस्तरमधील जगदलपूरला जाण्याचा माझा विचार आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, दीक्षाभूमीवरचा सोहळा आणि कस्तुरचंद पार्कवरचे रावणदहन हाताशी असताना, जिथली बोली कळत नाही आणि देवही ठाऊक नाहीत, अशा गावी सणासुदीला कशाला जायचे? जायचे नक्की आहे, परंतु ही ओढ कशाची, हे त्यांना पटेल असे सांगता येत नाही. जाणकारांनी लिहावे.

जुना प्रवासी :
निव्वळ नवलाई दोन दिवसांत ओसरते. ओढ तिची नसावी. बस्तरचा दसरा दंतेश्वरी देवीचा आहे आणि त्यात रावण जाळतच नाहीत. हरेली अमावस्येला, म्हणजे आपल्या दिव्याच्या अवसेला, सुरू होणारा हा उत्सव सुमारे 75 दिवस चालतो. ठरलेल्या गावांतील कारागीर दरवर्षी लाकडाचा प्रचंड रथ घडवतात, आणि विजयादशमीच्या रात्री माडिया आदिवासी तो चक्क चोरून कुम्हडाकोटच्या रानात नेतात. दुसऱ्या दिवशी राजघराण्याच्या वंशजाने तिथे जाऊन, त्यांच्यासोबत नव्या धानाचा भात खाल्ला, की मगच रथ परत निघतो. मानकऱ्याने प्रजेच्या पंगतीला बसल्याखेरीज सण पुरा होत नाही, अशी रीत पाहिल्यावर आपला दसरा असाच का, हा प्रश्न पहिल्यांदा पडतो. घरात जे आपण जन्मजात धरून चालतो, तेही कधीतरी कोणीतरी ठरवलेले आहे, हे कळण्यातच मला खरी गोडी वाटते. (रथ ओढणाऱ्यांच्या गर्दीपासून मात्र चार हात दूर राहावे.)

सक्करदऱ्याची वाचक :
वरील मत मान्य आहे, पण आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या तोंडासमोर न विचारता मोबाइल धरणारे पर्यटक पाहिले, की या गोडीबद्दल शंका येते. कुतूहल तिथल्या लोकांनाही असते. तुमची शेती किती, घरच्यांना का आणले नाही, हे ते विचारतील. त्यांची उत्तरे न कंटाळता देणार असाल, तर जरूर जावे.

गोंदियाकर :
धंतोलीकर, आईवडिलांना पटवण्यासाठी युक्तिवादापेक्षा सोपा मार्ग आहे. हिवाळ्यात नागपुरात ज्या तिबेटी विक्रेत्यांशी आपण स्वेटरच्या भावावरून घासाघीस करतो, त्यांच्या समाजाची नोर्ग्येलिंग ही वसाहत आपल्याच विदर्भात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ 1972 पासून आहे. झाडीपट्टीतल्या धानाच्या बांध्या ओलांडल्या, की प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसू लागतात. लोणी आणि मीठ घातलेला चहा मिळाला, तर वडील पहिल्या घोटाला तोंड वाकडे करतील, पण गप्पा सुरू होतील. थंडीत त्यांच्यातले बरेच जण विक्रीसाठी बाहेरगावी असतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये, लोसार या त्यांच्या नववर्षाच्या सुमारास जावे.