एपीआय ११६९ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची पाइपलाइन इन्स्पेक्टर परीक्षा) ची तयारी: वेल्डिंग येतं, बाकीच्याचं काय करू?

सिन्नरकर_क्यूसी:
नमस्कार मंडळी, मी गॅसच्या क्रॉस कंट्री लाइनवर कॉन्ट्रॅक्टरकडे वेल्डिंग क्यूसीला आहे. सीएसडब्ल्यूआयपी ३.१ (वेल्डिंग इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट) झालंय, आरटीच्या (जॉइंटच्या रेडिओग्राफीच्या) फिल्मा रोजच बघतो त्यामुळे एपीआय ११०४ चं (पाइपलाइन वेल्डिंगचं स्टँडर्ड) फार टेन्शन नाही. पुढेमागे अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर जायचं डोक्यात आहे म्हणून ११६९ द्यावी म्हणतोय. पण काल अभ्यासाची यादी उघडली आणि डोळेच पांढरे झाले. सीएफआर १९२, सीएफआर १९५ (गॅस आणि द्रव पाइपलाइनचे अमेरिकन सरकारी नियम), ओशा (तिथले कामगार सुरक्षेचे नियम), बी३१.४, बी३१.८ (पाइपलाइनचे कोड), हायड्रोटेस्टचं (पाणी भरून दाबाची चाचणी) १११०, आणि वर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे नियम?? पाइप टाकायचाय का पक्षी मोजायचेत 😅 साइटवर बारा तास जातात, रात्री रूमवर जेवढं होईल तेवढंच. कशाला किती वेळ देऊ आणि क्लास लावावा का, कोणी दिली असेल तर सांगा प्लीज.

गंजवाले_काका:
भाऊ, तुझं वेल्डिंग पक्कं आहे हीच तुझी अडचण होणार बघ, कारण माणूस जे येतं तेच परत परत वाचतो. ११०४ मधलं अंडरकट, बर्न थ्रू, आयपी या वेल्डच्या दोषांच्या मर्यादा एकदा नजरेखालून घाल आणि बाजूला ठेव. ही परीक्षा वेल्डिंग इन्स्पेक्टरची नाही, आरओयू (लाइनसाठी घेतलेला जमिनीचा पट्टा) साफ करण्यापासून ते शेवटी जमीन पूर्ववत करेपर्यंत सगळ्या कामावर उभ्या राहणाऱ्या माणसाची आहे आणि तीही अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे.

आपल्याकडच्यांना खरा फटका बसतो तो साइटच्या सवयीचा. तू रोज शंभर टक्के आरटी बघतोस ना? १९२ मध्ये वस्तीच्या दाटीवरून क्लास १ ते ४ ठरतात; क्लास १ ला, म्हणजे मैलभरात दहा किंवा कमी इमारती असतील तिथे, दिवसभराच्या जॉइंटपैकी किमान १० टक्के, क्लास २ ला १५, आणि क्लास ३-४, रेल्वे-हायवे क्रॉसिंग, मोठ्या नद्या इथे शंभर (शक्यच नसेल तर निदान ९०), टाय-इन (लाइनचे दोन तुकडे जोडणारे जॉइंट) मात्र सगळीकडे शंभर. कव्हरचं (पाइपवरच्या मातीचं) तेच. आपण मीटरभर माती डोळे झाकून सांगतो, १९२ ला क्लास १ मध्ये साध्या मातीत ३० इंच आणि सलग खडकात १८, बाकी क्लासला ३६ आणि २४. हायड्रोटेस्ट आपल्याकडे २४ तास, तिथे १९२ चे ८ तास, आणि १९५ ला (हे घातक द्रवांसाठी, कच्चं तेल पेट्रोल डिझेल वगैरे) ४ तास कमाल कामकाजी दाबाच्या १२५ टक्क्यांवर आणि लाइन डोळ्यांनी तपासता येत नसेल, म्हणजे गाडलेली असेल, तर आणखी ४ तास ११० टक्क्यांवर. सवयीनं टिक केलंस की गेला मार्क. मी तर म्हणेन एका वहीत तीन रकाने पाड, आपली साइट, १९२, १९५, आणि जिथे जिथे आकडा बदलतो तेवढंच लिही, बाकी लिहायची गरज नाही.

दुसरं म्हणजे इन्स्पेक्टरनं काय करायचं आणि काय करायचं नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांना काम कसं करायचं ते सांगायचं नाही, फोरमन म्हणाला लाइन जरा सरकवू तर परस्पर हो म्हणायचं नाही, वर कळवायचं. पण ट्रेंच धोकादायक दिसली आणि आत माणसं आहेत तर आधी काम थांबवायचं, रिपोर्ट नंतर. तू कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूनं काम केलंयस म्हणून इथे जरा जास्तच लक्ष दे, आपल्याला मधे पडून काम पुढे ढकलायची खोड असते.

ट्रेंचकिंग:
काकांशी सहमत. फक्त एक, ही परीक्षा देऊन भारतात पगार वाढेल असं समजू नकोस, मला तरी इथल्या टेंडरात ११६९ मागितलेलं फारसं दिसत नाही. बाहेर जायचं पक्कं असेल तरच पैसे घाल.

क्लासबद्दल माझं मत कडू आहे. सीएफआर आणि ओशा सरकारी आहे, नेटवर फुकट आहे, क्लासवाले तेच स्लाइडवर चिकटवून विकतात. प्रश्नसंच म्हणून जे फिरतात त्यातले निम्मे ५१० किंवा ५७० वाल्यांचे (एपीआयच्याच प्रेशर व्हेसल आणि पाइपिंगच्या परीक्षा) उचललेले असतात, त्याच्या नादी लागू नको. एपीआयच्या साइटवर कुठल्या आवृत्तीवर परीक्षा आहे त्याचा तक्ता असतो, आधी तो डाउनलोड कर आणि मगच वाचायला बस, कुणाच्या पेनड्राइव्हमधली ११०४ ची १९ वी आवृत्ती घेऊन बसशील तर रात्री फुकट जातील. परीक्षा प्रोमेट्रिकच्या केंद्रावर, कॉम्प्युटरवर, पर्यायवाली. ११५ प्रश्न, त्यातले १०० च मार्काला धरतात पण कुठले ते कळत नाही, म्हणून एकही सोडायचा नाही.

ह्यूस्टनची_वहिनी:
पक्ष्यांवर हसू नका हो 🙂 मी इकडे टेक्ससमध्ये पर्यावरण इन्स्पेक्शनमध्ये आहे. मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट १९१८ चा आहे आणि अजून चालू आहे, त्यामुळे झाडं तोडायचं काम घरट्यांचा हंगाम बघून ठरतं, अंडी असलेलं घरटं निघालं तर त्या तुकड्यातली मशिनरी गप उभी राहते आणि मागचा सगळा क्रम कोलमडतो. शेड्यूल कशानं अडतं विचाराल तर वेल्डिंग रिजेक्टपेक्षा ह्या गोष्टींनी जास्त अडलेलं मी बघितलंय.

आंतरराज्य गॅस लाइनला फर्कचे (एफईआरसी, इकडचा ऊर्जा नियामक आयोग) नियम लागतात, ते दोन छोटे डॉक्युमेंट आहेत, एक कोरड्या जमिनीसाठी आणि एक ओढे-नद्या-पाणथळ जागांसाठी. दुसरं नीट वाचा. १० फुटांपर्यंतचा ओढा असेल तर पात्रातलं काम २४ तासांत उरकायचं, १० ते १०० फूट असेल तर ४८ तासांत. डिझेल भरणं पाण्यापासून १०० फूट लांब. पाणथळ जागेत कामाचा पट्टा ७५ फुटांचा. शेतात वरची माती वेगळी काढून वेगळी ठेवायची आणि शेवटी वरच टाकायची, हे तर आपल्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल, पण इथे ते न केल्याचा रिपोर्ट इन्स्पेक्टरच्या नावावर लागतो. आपल्याकडून येणारी हुशार मुलं ह्याच भागात मार्क घालवतात, कारण साइटवर ते कुणी विचारलेलंच नसतं.

सिन्नरकर_क्यूसी:
वहिनी, काका, खूप आभार, ट्रेंचकिंग दादा तुमचंही. तीन रकान्यांची वही आजच सुरू करतो. एकच, पहिलं काय उघडू? १९२ का ओशा?

ट्रेंचकिंग:
ओशा. १९२६ चा सबपार्ट पी, खोदकामाचा. छोटा आहे. ४ फूट किंवा जास्त खोल ट्रेंचला शिडी हवी आणि माणसाला तिच्यापर्यंत २५ फुटांपेक्षा जास्त चालायला लागता कामा नये, उपसलेली माती कडेपासून २ फूट लांब, ५ फुटांपासून शोअरिंग (बाजूंना आधार) किंवा उतार (सलग पक्का खडक सोडून), उतार (आडवं आधी, उभं नंतर) ए म्हणजे सगळ्यात घट्ट मातीला पाऊणास एक, बी ला एकास एक, सी म्हणजे सगळ्यात सैल मातीला दीडास एक. उद्या साइटवर टेप घेऊन जा आणि तुमच्याच ट्रेंचला लावून बघ, किती ठिकाणी बसतं ते इथे लिही.

गंजवाले_काका:
लिहू नको बाबा, क्लायंट वाचत असेल 😄