शब्दचर्चा : ब्लॉगवरच्या कायमच्या पानांना मराठीत काय म्हणावं? (बोलणाऱ्यांची नावं ही नागपुरातल्या भागांवरून घेतलेली टोपणनावं आहेत.)

काटोल रोड :
संत्र्याच्या बागेवर मराठी ब्लॉग उभा राहतो आहे. अंबिया आणि मृग बहाराचं (संत्र्याच्या दोन हंगामांचं) नियोजन, ताण (बहारासाठी बागेचं पाणी तोडणं), खतं, फवारण्या, कळमना बाजारातले भाव असे विषय. लेख तयार आहेत, पण तळाशी कायम राहणाऱ्या पानांवर गाडी अडली आहे. अबाउट, कॉन्टॅक्ट, प्रायव्हसी पॉलिसी, डिस्क्लेमर, टर्म्स, कॉपीराइट यांचं यंत्रानं केलेलं मराठी असं आलं : 'बद्दल', 'आम्हाला संपर्क करा', 'गोपनीयता धोरण', 'अस्वीकरण', 'नियम आणि शर्ती', 'प्रतिलिप्यधिकार'. वाचक काटोल, नरखेड, वरुडकडचे बागायतदार. नाव वाचताच आत काय आहे ते कळलं पाहिजे. कोणते शब्द ठेवावेत? आणि या सगळ्या पानांना मिळून काय म्हणायचं?

महाल :
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. या पानांना इंग्रजीत 'स्टॅटिक पेज' म्हणतात. 'स्टॅटिक'साठी 'स्थिर', 'स्थायी' आणि 'कायम' हे तीन शब्द फिरतात. 'स्थिर' म्हणजे न हलणारं, पण ही पानं वेळोवेळी बदलावी लागतात. 'स्थायी' म्हटलं की महापालिकेची स्थायी समिती आठवते. तिथला अर्थ मात्र इथं चालतो : सदस्य बदलतात, समिती कायम राहते. तरी बोलताना 'कायमची पानं' हेच बरं.

आता 'बद्दल'. हे शब्दयोगी अव्यय आहे, एकटं उभं राहू शकत नाही. दुकानावर नुसती 'साठी' अशी पाटी लावावी तसं ते दिसतं. 'आमच्याबद्दल' किंवा 'आमच्याविषयी' म्हणा आणि जोडून लिहा. 'आमच्या बद्दल' असं तोडून लिहिणं शुद्धलेखनाला धरून नाही. ब्लॉग एकट्याचा असेल तर 'माझ्याविषयी'. 'आपल्याविषयी' मात्र नको, कारण 'आपण'मध्ये वाचकही येतो आणि पान तर लिहिणाऱ्याचं आहे. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठीनं जपला आहे, तो वापरावा.

त्या पानात काय असावं, याचा नमुना मराठी मासिकांनी कधीच घालून दिला आहे. अंकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ असते : 'हे मासिक मालक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून अमुक पत्त्यावरून प्रसिद्ध केले. संपादक : तमुक.' मजकुराला जबाबदार कोण, ते एका वाक्यात. ब्लॉगचं 'आमच्याविषयी' हे पान हेच काम करतं. त्यात लिहिणाऱ्याचा बागेशी संबंध काय (स्वतःची बाग, कृषी पदवी, की औषधविक्री), गाव कोणतं, लेख कोण तपासतं हे यावं. 'आम्हाला शेतीची आवड आहे' या वाक्यानं बागायतदाराला काहीच कळत नाही.

बर्डी :
महाल यांच्या यादीत तांत्रिक भेद जोडतो. लेख तारखेनुसार खाली सरकतो, त्याला विषयाचं लेबल लागतं, तो फीडमधून (नवे लेख आपोआप पोचवणाऱ्या सोयीतून) वर्गणीदारांकडे जातो. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेत कायमच्या पानाला लेबल नसतं आणि ते फीडमध्येही जात नाही. म्हणून मेनूत किंवा तळाशी दुवा दिला नाही तर ते कुणाला सापडणार नाही. पान प्रसिद्ध केलं आणि दुवा द्यायचा राहिला, हे सर्रास होतं.

दुसरी अडचण पानाच्या वेबपत्त्याची. ब्लॉगरमध्ये पानाला देवनागरी शीर्षक दिलं तर ते पत्त्यात येत नाही. पत्ता नुसता 'ब्लॉग-पेज' असा बनतो, पुढच्या पानाला त्यालाच आकडा चिकटतो. लेखांना आपल्या पसंतीचा पत्ता देण्याची सोय आहे, पानांना नाही. त्यावर उपाय असा : आधी रोमन अक्षरांत छोटं शीर्षक द्या (प्रायव्हसी, कॉन्टॅक्ट), पान प्रसिद्ध करा, मग संपादनात जाऊन शीर्षक मराठी करा. पत्ता पहिलाच राहतो. हा क्रम चुकला तर पान पुन्हा नव्यानं बनवावं लागतं.

वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेतं, पण तो साठवताना प्रत्येक अक्षराचे, प्रत्येक मात्रेचे आणि हलन्ताच्या खुणेचे नऊ-नऊ वर्ण होतात. एकूण मर्यादा २०० वर्णांची, म्हणजे जेमतेम २२ अक्षरखुणा. 'गोपनीयता धोरण' १०९ मध्ये बसतं. 'तुमच्या खासगी माहितीचं आम्ही काय करतो' असं छान, सरळ शीर्षक दिलं तर पत्ता 'तुमच्या-खासगी-माहितीचं-आ' इथंच तुटतो. शिवाय असा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की अनेकदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक ओळ दिसते आणि लोक दाबायला घाबरतात. तेव्हा शीर्षक मराठी, पत्ता रोमन आणि आखूड. सहाही पानांना हेच करा.

काटोल रोड :
पत्त्याचं पटलं. 'संपर्क करा' आणि 'संपर्क साधा' यांत फरक आहे का?

महाल :
आहे. मराठीत संपर्क साधतात. 'संपर्क करें' ही हिंदी पाटी आपल्याकडे बर्डीपासून कामठी रोडपर्यंत दिसते, म्हणून 'संपर्क करा' कानाला खटकेनासं झालं. 'आम्हाला संपर्क करा' तर दुहेरी चूक : संपर्क कुणाला नसतो, कुणाशी असतो. वाक्य 'आमच्याशी संपर्क साधा', पानाचं नाव नुसतं 'संपर्क'. हा शब्द एकटा उभा राहतो.

बर्डी :
संपर्काच्या पानावर शब्दापेक्षा अर्ज (फॉर्म) जास्त बिघडतो. वर्डप्रेसच्या फॉर्मात 'प्रेषक' म्हणून अनेकदा वाचकाचा ईमेल घातलेला असतो, पण पत्र तर तुमच्या सर्व्हरवरून निघतं. घेणारी मेलसेवा तपासते, पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनचा (ईमेलमधल्या @ नंतरच्या नावाचा) नाही हे तिला दिसतं आणि पत्र स्पॅममध्ये जातं किंवा परत फिरतं. वाचकाला मात्र 'तुमचा संदेश मिळाला' असंच दिसतं. प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, वाचकाचा ईमेल 'उत्तर इथे पाठवा' (रिप्लाय-टू) या रकान्यात द्या. पान चालू केल्यावर स्वतः दोन वेगळ्या मेलसेवांवरून चाचणी घ्या.

वकीलपेठ :
'गोपनीयता' या शब्दावर माझा आक्षेप आहे. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला, तेव्हा मंत्र्यांनी घेतली ती पद व गोपनीयतेची शपथ. तिथं अर्थ स्पष्ट आहे : पदामुळे कळलेल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत. ब्लॉगच्या या पानाचा हेतू जवळजवळ उलटा आहे. आपण कोणती माहिती घेतो, कुणाला देतो, किती काळ ठेवतो, हे उघड सांगण्यासाठी ते पान असतं. जाहिरात कंपनीला कुकीजमधून (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींतून) माहिती जाते हे ज्यात लिहायचं, त्याचं नाव 'गोपनीयता' ठेवलं की वाचकाला वाटतं, सगळं गुप्त राहणार. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात मूलभूत मानला तो हक्कही गुप्ततेचा नव्हे, खासगीपणाचा. माझी सूचना : 'खासगी माहितीचं धोरण'.

महाल :
'गोपनीयता धोरण' रूढ झालं आहे, बँकांच्या ॲपमध्येही तेच असतं. चुकीचं म्हणून फेकता येणार नाही. पण नव्या ब्लॉगला निवड असेल तर वकीलपेठ यांचा शब्द सरस. 'खासगी' आणि 'खाजगी' दोन्ही चालतात, मात्र पानभर एकच ठेवा.

वकीलपेठ :
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यात संमती मागण्याची भाषा स्पष्ट आणि साधी असावी असं म्हटलं आहे. ती मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यायचा आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. निव्वळ घरगुती किंवा वैयक्तिक वापराला कायदा लागू नाही, पण बागायतदारांचे नंबर गोळा करून भाव पाठवणार असाल तर त्या सवलतीवर विसंबू नका.

पानात चार गोष्टी नेमक्या लिहा. प्रतिक्रियेत नाव आणि ईमेल घेतो (वर्डप्रेस आयपी पत्ताही साठवतं). जाहिराती असतील तर त्रयस्थ कंपन्या कुकीज ठेवतात. हे सांगणं ॲडसेन्स या गूगलच्या जाहिरातसेवेचीही अट आहे. व्हॉट्सॲप यादीतले नंबर कुणाकडे असतात. आणि माहिती काढून टाकायची असेल तर कुठे कळवायचं. नमुना उचलून आणला असेल तर दुसऱ्याच्या संकेतस्थळाचं नाव त्यात राहिलं नाही ना, ते शोधा. ते राहिलं असेल तर धोरण दुसऱ्याचंच ठरतं.

काटोल रोड :
आणि डिस्क्लेमर? 'अस्वीकरण' वाचून काहीच बोध होत नाही.

महाल :
'अस्वीकरण' हिंदीतून आलं. मराठी विकिपीडियावर 'उत्तरदायकत्वास नकार' आहे. अर्थ बरोबर, पण जीभ अडखळते. संस्कृत धातू-प्रत्ययांतून शब्द घडवण्याला नागपुरात मोठी परंपरा आहे. हे शहर मध्य प्रांताची राजधानी असताना कोशकार डॉ. रघुवीर यांनी इथं राहून राज्यकारभाराचे शब्द तसेच घडवले. ती पद्धत दफ्तरात चालते, कारण तिथं शब्द रोज वापरून अंगवळणी पडतो. ब्लॉगच्या तळाचं पान वाचक बहुधा एकदाच उघडतो, त्याला शब्द शिकायला वेळ नसतो.

छापील मराठीत या कामाची दोन वाक्यं आधीपासून आहेत. एक, 'अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' दुसरं हिशेबाच्या कागदावरचं, 'चू. भू. द्या. घ्या.', म्हणजे चूक भूल द्यावी घ्यावी. दोन्हींचं काम वेगळं. पहिलं मताचा भार लेखकावर ठेवतं. दुसरं चुकीची शक्यता मान्य करून ती दुरुस्त करायची तयारी दाखवतं, जबाबदारी झटकत नाही. म्हणून भावाच्या तक्त्याखाली 'चू. भू. द्या. घ्या.' शोभतं आणि पाहुण्यांच्या लेखाखाली 'सहमत असतीलच असे नाही'. फवारणीच्या प्रमाणाखाली दोन्ही अपुरी.

वकीलपेठ :
फवारणीच्या मजकुराला 'जबाबदारीची मर्यादा' हे नाव द्या. 'नकार' म्हटलं की सगळंच झटकल्यासारखं होतं आणि तसं ते झटकताही येत नाही. बदनामीकारक मजकूर लिहून खाली 'सहमत असतीलच असे नाही' छापलं म्हणून कुणी सुटत नाही. मर्यादा मात्र नेमकी सांगता येते. मसुदा असा :

'या ब्लॉगवरील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधाचे प्रमाण, दोन फवारण्यांतील अंतर आणि फवारणी ते तोडणी यांतील अंतर याबाबत डब्यावरील लेबल व सोबतचे माहितीपत्रक अंतिम मानावे. माती, झाडाचे वय आणि हवामान यांनुसार परिणाम बदलतो. आपल्या बागेसाठी सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.'

हा मजकूर फक्त तळाच्या पानावर ठेवून भागणार नाही. लेखात जिथं 'दहा लिटर पाण्यात इतके मिली' असं लिहिलं असेल, तिथंच त्यातलं दुसरं वाक्य पुन्हा घाला. शोधातून आलेला वाचक थेट त्या लेखावर उतरतो, तळापर्यंत जात नाही.

काटोल रोड :
काही औषधांच्या आणि फवारणी पंपांच्या दुव्यांवर आम्हाला कमिशन मिळेल. त्याला 'खुलासा' म्हणावं का?

महाल :
'खुलासा' म्हणजे मराठीत स्पष्टीकरण. कारणे दाखवा नोटीस आली की कर्मचारी खुलासा देतो. हिंदी बातम्यांत 'बड़ा खुलासा' म्हणजे गौप्यस्फोट, आणि नागपुरात दोन्ही भाषा कानावर पडत असल्यानं अर्थ मिसळतात. कमिशनच्या ओळीला दोन्हीही नकोत. 'आमचे हितसंबंध' हे पानाचं नाव, आणि दुव्याच्या वर साधं वाक्य : 'या दुव्यावरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळते.' 'अडत' हा शब्द मोह पाडेल, पण तो बाजार समितीतल्या व्यवहाराचा. इथं वापरला तर गैरसमज होईल.

वकीलपेठ :
ती ओळ दुव्याच्या आधी हवी, नंतर नको. खरेदी झाल्यावर कळलेल्या हितसंबंधाचा वाचकाला उपयोग नाही. ॲमेझॉनसारखी कंपनी तिच्या योजनेत विशिष्ट वाक्य मागते, ते तिनं दिलं आहे तसंच वेगळं ठेवा.

टर्म्ससाठी 'वापराच्या अटी' पुरे. 'अट' आणि 'शर्त' एकाच अर्थाचे आहेत, जोडी करून अर्थ वाढत नाही. नुसता वाचायचा ब्लॉग असेल तर हे पान ऐच्छिक. प्रतिक्रिया घेणार असाल किंवा काही विकणार असाल तर हवं. तेव्हा बिलाच्या तळाशी असतं तसं 'वाद उद्भवल्यास नागपूर न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' हे वाक्यही तिथंच घाला.

महाल :
कॉपीराइटला 'प्रताधिकार' किंवा 'स्वामित्वहक्क'. दोन्ही मराठीत आहेत, पण 'कॉपीराइट' सगळ्यांना कळतो, तो ठेवायला हरकत नाही. 'प्रतिलिप्यधिकार' हिंदीला राहू द्या. 'स्वामित्वधन' मात्र वेगळं, ती रॉयल्टी.

त्या पानावर 'साभार'चा अर्थ जरूर सांगा. साभार म्हणजे आभारासह, इतकंच. त्यात परवानगी येत नाही. दुसऱ्याचा अख्खा लेख चिकटवून खाली 'साभार' लिहिणं ही चोरीच, फक्त नम्र. परवानगी घेतली असेल तर 'लेखकाच्या परवानगीने' असं लिहा.

वकीलपेठ :
कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. हक्क लेखन होताच निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं तो टिकतो. समीक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी उतारा घ्यायला वाव आहे, पूर्ण लेखाला नाही. कळमन्याचा आजचा भाव ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. दुसऱ्यानं त्या भावांवर लिहिलेलं विश्लेषण मात्र त्याचं.

बर्डी :
साइटमॅप (ब्लॉगवरच्या सगळ्या पानांची यादी) राहिला. शोधयंत्रासाठीचा साइटमॅप यंत्र बनवतं, त्याला मराठी नाव नको. वाचकासाठी लेखांची यादी देणार असाल तर ती 'अनुक्रमणिका' की 'सूची'?

महाल :
पुस्तकात अनुक्रमणिका पुढे असते आणि पानांच्या क्रमानं जाते, सूची मागे असते आणि अकारविल्हे. बागायतदार तारखेनं शोधत नाही, 'डिंक्या' (संत्र्याचा एक रोग), 'ताण', 'मृग बहार' असं शोधतो. 'विषयसूची' ठेवा.