मदत हवी आहे: ट्यूब अँपमध्ये हीटर नक्की कुठे ग्राउंड करायचा?

सहातारी
घरी गिटारचा ट्यूब अँप बांधलाय. टोन मस्त आहे, पण घूंऽऽ असा आवाज सतत चालू असतो, गिटार लावलेली नसली तरी. हीटरची (ट्यूब आतून तापवणारी तार) एक बाजू चासीला (अँपचा धातूचा सांगाडा) जोडली आहे, जुन्या छोट्या अँपच्या सर्किटात तसंच असतं. वायरींना पीळही दिलाय. मग अजून काय करायचं? शनिवारी मित्रांबरोबर वाजवायचंय, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. "आधी थिअरी वाचा" नको.

पीळदार
कोणत्या ट्यूब? ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्ट वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली वायर) आहे का? व्हॉल्यूम शून्यावर नेला की आवाज जातो का? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगितलं तरी तो अंदाजच.

सूरसंगत
सिंगल कॉइल पिकअप असेल तर गुणगुण राहणारच. मी हंबकर (गुणगुण कापणारे पिकअप) बसवले आणि प्रश्न मिटला.

सहातारी
@सूरसंगत गिटार लावलेली नसतानाही येतो असं वर लिहिलंय.
@पीळदार एक १२एएक्स७ (प्रीअँप), एक ६व्ही६ (पॉवर ट्यूब), रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) ५वाय३. नेहमीचंच सर्किट. व्हॉल्यूम शून्यावर नेला की बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. सेंटर टॅपचं माहीत नाही. दोन हिरव्या वायर आहेत, त्या हीटरला लावल्या.

शांतग्रिड
म्हणजे बराचसा आवाज व्हॉल्यूमच्या आधी, १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागात शिरतोय. हीटरची एक बाजू ग्राउंड केली की दुसऱ्या बाजूवर पूर्ण ६.३ व्होल्ट एसी राहतं. मधोमध ग्राउंड केलं तर दोन्ही बाजूंना ३.१५, तेही एकमेकांच्या उलट, म्हणून ग्रिडपर्यंत (ट्यूबमध्ये सिग्नल शिरतो ते टोक) पोचणारं बरंचसं कटतं. सेंटर टॅप नसेल तर दोन्ही बाजूंपासून चासीला १००-१०० ओहमचे अर्ध्या वॉटचे रेझिस्टर लावा. सध्या चासीला जोडलेली बाजू मात्र आधी सोडवा.

डीसीच_बरा
रेझिस्टर वगैरे जुने उपाय झाले. ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर लावून हीटर डीसीवर घ्या. एसी नाही तर गुणगुण नाही.

शांतग्रिड
एका १२एएक्स७ साठी एवढा खटाटोप कशाला? ६.३ एसीचा पीक ८.९, डायोडचे दीडेक व्होल्ट गेले तरी साडेसात उरतात, ते परत खाली आणा. शिवाय सेंटर टॅप ग्राउंड ठेवून डीसीची निगेटिव्ह बाजूही ग्राउंड केलीत तर डायोडमधून अर्धं वाइंडिंग शॉर्ट. असंख्य अँप एसी हीटरवर शांत चालतात.

डीसीच_बरा
हाय गेनमध्ये चालत नाहीत. स्वतः ऐकलंय.

पीळदार
त्यांचा अँप हाय गेन नाहीये. @सहातारी, ट्रान्सफॉर्मरमधून आणखी कुठली वायर मोकळी सोडली आहे का?

सहातारी
हो, हिरवी-पिवळी पट्ट्यांची एक आहे. ती अर्थिंगची ना? टेप मारून ठेवली आहे.

तारतम्य
हिरवी-पिवळी म्हणजे अर्थ. थेट चासीला बोल्ट करा.

पीळदार
थांबा!! मेन्सच्या केबलमध्ये ती अर्थ असते. पण जुन्या अमेरिकन रंगपद्धतीत ट्रान्सफॉर्मरची हिरवी-पिवळी हाच हिरव्या वाइंडिंगचा सेंटर टॅप. एक हिरवी चासीला असताना हीसुद्धा चासीला लावली तर अर्धं वाइंडिंग शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जळेल. रंगावर भरवसा नको, मीटर लावा. प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करा, हिरव्या सोडवा आणि हिरवी-पिवळीपासून दोन्ही हिरव्यांपर्यंत कंटिन्युइटी (आतून जोड आहे का) बघा. मिळाली तर सेंटर टॅप. तो एकटाच चासीला जोडा, मग १०० ओहमची गरज नाही.
आणि ५वाय३ च्या ५ व्होल्ट वाइंडिंगला अजिबात ग्राउंड करू नका. त्या ट्यूबचा फिलामेंट (तापणारी तार) हाच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक), तिथे पूर्ण हाय व्होल्टेज असतं.

बासरीप्रेमी
मी प्लगची अर्थ पिन काढून टाकली, गुणगुण गायब. एकदा करून बघा.

शांतग्रिड
कृपया हे कुणीही करू नका. आत तीनशेच्या वर व्होल्ट फिरतायत. एखादी वायर चासीला टेकली तर गिटारच्या तारांतून तुमच्या हातात येईल. चासी मेन्स अर्थला पक्की जोडलेलीच हवी.

सहातारी
कंटिन्युइटी मिळाली, सेंटर टॅपच निघाला! हिरवी चासीवरून काढली, हिरवी-पिवळी जोडली. खूप फरक पडला. पण कान लावला तर अजून थोडं आहे. शनिवारच्या आधी एवढंही जाईल का?

पीळदार
सेंटर टॅप चासीऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला जोडून बघा. रेझिस्टर आणि कपॅसिटर लावून कॅथोड बायस केलेला असेल तर तिथे वीसेक व्होल्ट डीसी मिळतात. हीटर १२एएक्स७ च्या कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह झाला की हीटरमधून कॅथोडकडे होणारी इलेक्ट्रॉनची गळती थांबते.

नवखा_वादक
इथेच विचारतो, माझ्या अँपमध्ये ईएल८४ आहेत, त्यांचे हीटर पिन कोणते?

शांतग्रिड
४ आणि ५. ६व्ही६ ला २ आणि ७. बाकीसाठी वेगळा धागा काढा.

सहातारी
कॅथोडला जोडलं. व्हॉल्यूम वाढवला की यायची ती गुणगुण गेली! आता व्हॉल्यूम शून्यावर असतानाची तेवढी उरली आहे, जरा वरच्या पट्टीतली वाटते.

पीळदार
ती १०० हर्ट्झची असणार, पॉवर सप्लायची रिपल (डीसीत उरलेला एसीचा चढउतार). हीटरची ५० ची असते. एकच ६व्ही६ असल्यामुळे रिपल पुशपुलसारखी (पॉवर ट्यूबची उलटसुलट चालणारी जोडी) कटत नाही. ५वाय३ च्या पुढे चोक (रिपल अडवणारी कॉइल) आहे की रेझिस्टर? आणि पहिला फिल्टर कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा? फार मोठा लावू नका, ५वाय३ ला पेलत नाही.

डीसीच_बरा
डीसी केला असता तर तेव्हाच संपलं असतं.

शांतग्रिड
ही रिपल हीटरची नाहीच, डीसीने कशी जाईल?

सहातारी
रेझिस्टर आहे. कपॅसिटरचा आकडा उघडून सांगतो.