फ्लोरिडा कीज: तारखेपेक्षा पाण्याचा पारा बघा

जानेवारीत अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर बोनफिश हा मासा गळानं धरायला जावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा, पण तारखेपेक्षा पाण्याचं तापमान बघा. साधारण २१ ते २९ अंश सेल्सिअसमध्ये बोनफिश उथळ पाण्यात चरायला येतो. उत्तरेकडून थंडीची लाट आली की गुडघाभर पाणी एका रात्रीत गार पडतं आणि मासा खोल चॅनेलमध्ये उतरतो. अशा वेळी पहाटे धावपळ करू नका, दुपारपर्यंत थांबा. काळसर चिखलाचा, गवताचा तळ उन्हानं लवकर तापतो. त्यात समुद्राकडून भरतीचं कोमट पाणी शिरत असेल तर फारच उत्तम! बोनफिश नाहीच आला तर बाराकुडा हा शिकारी मासा बघा, पांढऱ्या वाळूवर ओंडक्यासारखा निश्चल पडलेला असतो.

उन्हाळ्यात सगळं उलटं. ऑगस्टच्या दुपारी उथळ पाणी ३२ अंशांच्याही वर जातं, ऑक्सिजन घटतो. तेव्हा उजाडतानाच जायचं. टार्पन हा मोठा मासा हवा असेल तर एप्रिल ते जून.

एक कळकळीची विनंती: कडाक्याच्या थंडीत सुस्तावलेल्या माशांच्या मागे लागू नका. जानेवारी २०१०च्या थंडीत तिथे स्नूक, टार्पन, बोनफिश मोठ्या संख्येनं मेले होते.