प्रतिसाद: हॉलच्या दारात बसलेल्या बायका
वर कुणीतरी म्हटलंय की फलक धरून नि मोर्चे काढून युद्ध थांबत नाही, जे काय ते सरकारंच ठरवतात. मला हे अजिबात पटत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं बघा ना, २००३ मध्ये तिथं यादवी युद्ध चालू असताना साध्या बायका, ख्रिश्चन आणि मुस्लिम दोन्ही, युद्ध थांबवा म्हणत पांढरे कपडे घालून राजधानी मोनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ रोज बसायच्या, ऊन असो पाऊस असो, आणि शेवटी अध्यक्ष चार्ल्स टेलरला त्यांना भेटावंच लागलं. पण खरी कसोटी पुढे होती. घानात अक्राला सरकार आणि बंडखोरांच्या शांततेच्या वाटाघाटी नुसत्याच रेंगाळत होत्या, तेव्हा या बायकांची नेता लेमा बोवी आणि बाकीच्यांनी हॉलच्या दारातच ठिय्या मारला, कुणाला बाहेर पडू देईनात. ऑगस्टमध्ये शांतता करार झाला. (आंतरराष्ट्रीय दबाव होता, टेलरवर युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवले गेले होते, ते नाकारत नाहीये.) बोवींना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं हे बऱ्याच जणांना माहितीये, पण करारानंतरही या बायका घरी बसल्या नाहीत, लढणाऱ्या पोरांनी शस्त्रं खाली ठेवावीत म्हणून मदत केली, २००५ च्या निवडणुकीसाठी बायकांची मतदार नोंदणी करून घेतली, आणि मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं कारण तोवर कॅमेरे निघून गेलेले असतात.