लग्नपत्रिकेवर सरकारी शिक्का?

फोंडेकर: पणजोबांच्या पेटीत गोव्यातली पोर्तुगीज काळातली लग्नपत्रिका मिळाली. मागे जांभळा, पुसट शिक्का. आजी म्हणते, सेन्सॉरचा. लग्नात सरकारला कसली भीती?

डिचोलीकर: अहो, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा एकच पक्ष. छापील कागद म्हटला की तपासणी आलीच! सभेलाही परवानगी. म्हणून तर १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहिया बोलायला उभे राहताच पकडले गेले.

फोंडेकर: आणि देवधर्म?

डिचोलीकर: हिंदूंना पोर्तुगालात १९१० ला प्रजासत्ताक आल्यानंतर बरीच मोकळीक मिळालेली. आरती खुशाल म्हणा, सरकारविरुद्ध ब्र काढू नका. गोवामुक्तीचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा तर ख्रिश्चन घरातले, तरी पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात डांबले.

म्हापसावाला: गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे विसरलात? गोवा १९६१ ला मुक्त, ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ ला! फोंडेकर, शिक्क्याचा फोटो टाका की.