पावसाळ्यात उंच काठाची ट्रे मॅटच घ्या, सेव्हन डी मॅटिंग नको

कुडाळवाला

नवीन गाडीची चावी हातात पडायच्या आधी शोरूममध्ये अ‍ॅक्सेसरीजचा कागद पुढे सरकतो आणि त्यात सेव्हन डी मॅटिंग हमखास असतं. वर शिलाई मारलेलं रेक्झिन, आत फोम, त्यावर नूडल मॅटचा, म्हणजे शेवयांसारख्या गुंतलेल्या प्लास्टिकच्या धाग्यांच्या चटईचा तुकडा. दिसतं झकास, वाद नाही. पण कोकणात नाहीतर घाटमाथ्यावर गाडी वापरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या मॉडेलच्या मापाची, साच्यातून काढलेली, चहूबाजूंनी काठ असलेली टीपीईची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) किंवा रबराची ट्रे घ्यावी आणि खालचं कंपनीचं कार्पेट आहे तसं ठेवावं.

कार्पेट म्हणजे नुसतं वरचं कापड नव्हे. त्याखाली आवाज दाबायला फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो. तो एकदा पाणी प्यायला की वरून हात फिरवला तर कोरडं लागतं आणि खाली ओल तशीच. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. असल्या हवेत जूनमध्ये भिजलेला फेल्ट दसऱ्याआधी वाळेल ही आशा सोडा. मग कुबट वास, सकाळी काचांवर आतून धुकं आणि पुढे पत्र्याला गंज. सीटखाली वायरिंगचे कनेक्टर असतात, ओल तिथवर गेली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि खिशाला चाट.

मॅटिंगमध्ये सीट ज्यांवर सरकते त्या लोखंडी पट्ट्यांसाठी कापाकापी केलेली असते. तिथून आणि दाराच्या कडेने पाणी खाली जातंच, वर मात्र रेक्झिनचं झाकण. ट्रे कशी, उचलली, ओतली, पुसली, परत टाकली.

पेण_पिंपरी

कुडाळवाले, तुम्ही दोन वेगळ्या वस्तू एकाच पोत्यात घालताय. अख्ख्या फरशीवर चिकटवतात ते मॅटिंग वेगळं आणि काढता-घालता येणारी सेव्हन डी मॅट वेगळी. पहिलीबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. दुसरी मी वापरतो. तिलाही काठ आहे, आणि वरची नूडलची चटई सगळी खडी-माती पोटात घेते. बूट कोरड्यावर राहतो. तुमच्या ट्रेत चिखलाचं पाणी साचतं आणि त्याच डबक्यात पाय ठेवून पुढचा प्रवास! पँटची किनार भिजते ती वेगळीच.

शिवाय टीपीईवर ओला बूट सरकतो. रोडनॉइजही सेव्हन डीने कमी होतो, हे नाकारू नका.

कुडाळवाला

नूडलच्या पोटातली माती काढून बघा एकदा. आमच्याकडची लाल माती तिच्यात बसली की प्रेशरने धुवावी लागते, आणि धुतल्यावर वाळवायला ऊन कुठून आणायचं? आषाढात? डबक्याचं म्हणाल तर बऱ्या ट्रेला आत खोल खाचा असतात. पाणी खाली उतरतं, टाच उंचवट्यावर राहते. गुळगुळीत तळाची स्वस्त ट्रे घेतली तर तुमची तक्रार खरी आहे.

स्पॅनर

माझं गॅरेज आहे. दोघेही वरच्या पाण्यावर भांडताय. माझ्याकडे "गाडीत पाणी येतं" म्हणून ज्या गाड्या येतात, त्यांत बुटांनी आलेलं पाणी क्वचित असतं. मॅट कुठलीही घ्या, आधी पाणी कुठून येतंय ते बघा.

फक्त पुढे डाव्या बाजूला ओल असेल आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलेली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कूलिंग कॉइल डॅशबोर्डमध्ये ग्लोव्हबॉक्सच्या मागे असते, म्हणून पाणी तिथेच उतरतं. दमट हवेत एसी पंधरा मिनिटं लावून गाडीखाली बघा, थेंब पडलेच पाहिजेत. पाणी मातकट असेल तर वायपरखालची जाळी बघा. आंब्याखाली, गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांच्या जाळीत पाल्याचा खच असतो. सनरूफ असेल तर त्याच्याही नळ्या खांबांतून खाली येतात, त्या तुंबल्या की पाणी छताच्या कापडातून झिरपतं. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा स्पीकर बसवताना फाडून ठेवणारे महाभाग तर विचारू नका. आणि पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते पाणी नाहीच, हीटरमधून गळणारं कूलंट आहे, लगेच दाखवा.

यांतलं काहीही असेल तर ट्रे नुकसान करते. वरून सगळं कोरडं दिसतं म्हणून माणूस महिनाभर कार्पेट चाचपतच नाही.

रानजाई

स्पॅनर, शेवटचं वाक्य ठळक अक्षरात हवं होतं.

माझा मुद्दा वेगळा. आमच्या घरात ऐंशीच्या सासूबाई आहेत. मागच्या सीटवर चढताना-उतरताना त्या उंच काठात त्यांची चप्पल अडकते. दाराच्या बाजूचा काठ जितका उंच तितकं पाणी अडतं हे कळतं मला, पण म्हातारं माणूस पडलं तर काय करायचं? आम्ही पुढे ट्रे आणि मागे साधी सपाट रबराची मॅट ठेवली आहे. चारही बाजूंना सारखंच हवं हा हट्ट कशाला?

टुरिस्ट_परमिट

तीन गाड्या आहेत, महाबळेश्वर-पाचगणी आणि शिर्डी करतो. माझ्या मते दोन्ही पार्ट्या चुकीच्या. कार्पेट काढून टाका आणि विनाइलची फरशी बसवा. दिवसाला वीस-पंचवीस पाय गाडीत येतात, स्ट्रॉबेरी सांडते, लहान पोरं ओकतात. ओलं फडकं मारलं की विषय संपला. महिंद्राने २०२० च्या थारला धुता येणारी फरशी आणि खाली पाणी सोडायला बुचं दिली, ती काय उगीच? ज्याला खरंच चिखलात जायचंय तो कार्पेट ठेवतच नाही.

पेण_पिंपरी

विनाइल टाकलं की गाडी विकताना समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "टुरिस्टला होती का?" घरच्या गाडीला कोण करणार ते? आणि थारला ती फरशी कंपनीने मुळातूनच तशी बनवलेली आहे. हॅचबॅकमधलं कार्पेट उचकटून तेच साधणार नाही, आवाजाने डोकं उठेल.

क्लचप्लेट

इतकी चर्चा झाली आणि पेडलबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्ससचा अपघात झाला, एकाच कुटुंबातले चौघे गेले. डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली गाडी होती आणि तीत दुसऱ्याच मॉडेलची ऑल-वेदर मॅट टाकलेली होती. अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकला. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून अमेरिकेत जवळपास ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, म्हणजे दोष दूर करायला गाड्या परत बोलावल्या. तेव्हा "थोडी मोठी आहे, पण बसते" म्हणणाऱ्या दुकानदाराकडून उठून यायचं.

ड्रायव्हरच्या बाजूला खाली हुक किंवा क्लिप असते, मॅटचं भोक तिच्यात बसलंच पाहिजे. आणि जुन्या मॅटवर नवी मॅट कधीच नाही.

पेण_पिंपरी

अहो, ती अमेरिकेतली ऑटोमॅटिक गाडी. आपल्याकडे बरीच जनता अजून मॅन्युअल चालवते, क्लच दाबला की इंजिन सुटलं.

क्लचप्लेट

क्लच *पूर्ण* दाबला तर! जाड मॅट क्लचखाली आली की पेडल तळाला टेकत नाही, गिअर खरखरत पडतो आणि लोक क्लचप्लेट बदलून येतात. तुमच्या फोमवाल्या सेव्हन डीत हे जास्त होतं. मॅट टाकल्यावर इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल हाताने तळापर्यंत दाबून बघा, एवढंच सांगतो.

बर्फातला_सातारकर

मी शिकागोजवळ राहतो. इथे काठाची ट्रे घ्यावी की नाही यावर वादच होत नाही, नोव्हेंबर आला की सगळेच टाकतात. इथल्या बर्फापेक्षा मीठ वाईट. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटांबरोबर आत येतं, कार्पेटवर पांढरे नकाशे उमटतात. कॅल्शियम क्लोराइड असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे कार्पेट वाळल्यासारखं वाटून पुन्हा दमटच. वेदरटेक ही मॅटची कंपनी इथलीच, इलिनॉयमधली. महाग आहे, पण दाराच्या उंबऱ्यापर्यंत अगदी चपखल बसते.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. इथे घरात हीटर असतो, गॅरेजमध्ये ट्रे आणून ठेवली की तासाभरात कोरडी. साताऱ्याच्या घरी बाबांनी ट्रे जिन्यात उभी केली तर दोन दिवस ठिबकते. तेव्हा इथलं ऐकून तिथे जसंच्या तसं करू नका.

अण्णा_अलिबाग

आमच्या वेळी रोजचा पेपर अंथरायचो. भिजला की गोळा करून फेकायचा, दुसरा टाकायचा. खर्च शून्य आणि पाणी शोषून घेतो, जे तुमची चार हजाराची ट्रे करत नाही. फार पाऊस असला तर गोणपाट.

स्पॅनर

अण्णा, मागे आणि शेजारच्या सीटखाली जरूर टाका, मीही ग्राहकांना सांगतो. ड्रायव्हरच्या पायाखाली पेपर नको, ओला झाला की टाचेबरोबर सरकून पेडलखाली जातो.

कुडाळवाला

रानजाई, मागे सपाट मॅटचा मुद्दा पटला. स्पॅनरचं निदान आधी, हेही कबूल. पण अण्णा, पेपर पाणी शोषतो आणि मग तेच पाणी कार्पेटला देतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत!

घेणाऱ्यांसाठी सांगतो: दुकानात पाण्याची बाटली घेऊन जा. ट्रेत ओता आणि पाणी भरलेली ट्रे एका हाताने न सांडता बाहेर निघते का ते बघा. लवचीक, लिबलिबीत ट्रे मधोमध वाकते आणि सगळं पाणी कार्पेटवरच ओतते. वासही घ्या. हलक्या रबराला उन्हात तापल्यावर असा उग्र वास सुटतो की मार्चमध्ये गाडीत बसवत नाही.

पेण_पिंपरी

म्हणजे तुमच्या ट्रेचा पावसाळ्यात काठ आडवा येतो, उन्हाळ्यात वास मारतो. माझी सेव्हन डी बारा महिने गप पडून असते.

रानजाई

गप पडून असते म्हणूनच स्पॅनर म्हणाले की एकदा उचलून खाली हात लावा. लावलात का?

पेण_पिंपरी

रविवारी बघतो आणि फोटो टाकतो. कोरडं निघालं तर कुडाळवाल्यांनी शीर्षक बदलायचं.

टुरिस्ट_परमिट

तोपर्यंत एक सांगा, डिकीला काय घालता? मालवणहून येताना पॅसेंजर थर्माकोलच्या पेटीत सुरमई भरतात, बर्फ वितळून पाणी स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात उतरतं. तिथे ट्रेवाले जिंकतात हे मी लिहून देतो.